बशीआडची कुजबुज

चहा घ्या आधी. आणि हसू आलं तर मोकळेपणाने हसा, तोंडावर हात नको. तोंड झाकून काही करायला गेलं की माणसाचं काय होतं, तेच तर सांगायला बसलोय. स्वतःच्या हाताने स्वतःचा पोपट करून घेणारे बरेच असतात हो, पण आख्खी गल्ली गोळा करून, चहा पाजून, करून घेतलेला मी एकटाच!

तर माझं दुकान घणसोली गावात. मोबाइलची कव्हरं, चार्जर, स्पीकर, हेडफोन. इमारत किसनदादांची. दादा इथले मूळचे, आमचे घरमालक. शिक्षणाचं विचाराल तर कॉलेजने मला ओळख दिली नाही आणि मीही कॉलेजला दिली नाही. पण घासाघीस? ती मला कुणी शिकवली नाही, आणि ती माझ्याकडून शिकायला लोक येतात.

आमच्या धंद्याचा पहिला धडा सांगतो. विकताना मालाला तोंडभरून चांगलं म्हणायचं, घेताना नाक मुरडायचं. घेणाऱ्याच्या तोंडून 'वा!' निघालं की तो मेला. आमच्या दुकानात कुणी माल घेऊन आला की माझी आणि बायकोची, सुनंदाची, जुगलबंदी सुरू व्हायची. मी थोडं पाघळल्यासारखं दिसायचं. गल्ल्यावरून तिने फटकारायचं, "काही नको हो, आधीचाच पडलाय तो कुणी विकायचा?" मी हिरमुसला चेहरा करायचा. समोरचा मनात म्हणायचा, हा बिचारा तयार आहे, ही बाईच आडवी येतेय. आणि तो खाली उतरायचा.

आता तुम्ही विचाराल, किती ताणायचं हे सुनंदाला कळणार कसं? त्यासाठी बशी! चहा बशीत ओतायचा, बशी तोंडाशी न्यायची, आणि फुंकर मारता मारता अगदी हळू सांगायचं, 'ताण' किंवा 'सोड'. समोरच्याला वाटतं, चहा गरम आहे. लग्न झाल्यापासून हा प्रकार चालू आहे. आजवर कुणाच्या बापाला पत्ता लागला नव्हता.

मग आली केतकी.

तुर्भ्याला एका मोठ्या वितरकाचं गोडाऊन आहे, तिथली ही पोरगी. चष्मा, पाठीला सॅक, बोलणं लाघवी. म्हणाली, "काका, आमच्याकडे भारीतले वायरवाले इअरफोन आलेत. कानाच्या आत बसणारे. लोकांनी खुर्चीत बसून, निवांत ऐकून मग घ्यावेत, असं काउंटर आम्हाला या बाजूला करायचंय. पण एकाच दुकानात."

"वायरवाले?" मी म्हटलं. "अहो मॅडम, लोक वायर तोडून मोकळे झाले आणि तुम्ही परत बांधायला निघालात?"

किंमत ऐकली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. तेवढ्यात बरा फ्रिज येतो. आणि फ्रिज कानात हरवत तरी नाही!

पण आतून मला ते काउंटर हवं होतं. का, ते ऐका. हल्ली गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, कव्हर हातात घेऊन दाबून, वाकवून बघतं आणि माझ्याच पंख्याखाली उभं राहून फोनवरून तेच कव्हर मागवतं. वर मला विचारतं, "काका, पिनकोड काय हो इथला?" आणि मी सांगतोही! ऐकण्याचा माल मात्र फोनवरून ऐकता येत नाही. त्यासाठी दुकानातच यावं लागतं. हे काउंटर मिळालं तर माझं दुकान राहील, नाहीतर पिनकोड सांगण्यापुरता मी राहीन. आणि केतकीच्या डोक्यात दुसरं दुकान होतं ते स्टेशनजवळचं, काचेचं, एसीवालं.

शिवाय अटीचा प्रश्न होता. कंपनीचं म्हणणं, सगळा माल रोखीने उचला. माझं म्हणणं, माल ठेवा, विकेल तसे पैसे नेत जा. एवढीच लढाई. पण ती मला जिंकायची होती.

ती यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तालीम केली.

"मी काय म्हणायचं?" सुनंदा.

"नेहमीचंच. पडून राहील, कोण घेणार इथे, वगैरे."

"आणि खरंच चांगलं निघालं तर?"

"तर मी सांगेन ना बशीतून."

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी आली. काउंटरवर मखमलीची पेटी उघडली. आत दोन दाणे, करवंदाएवढे, आणि वेणीसारखी विणलेली वायर. मी चेहरा जांभई आल्यासारखा ठेवला.

आता माझी माल पारखायची स्वतःची पद्धत आहे. स्पीकर आला की मी त्याच्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवतो. पाण्यावर तरंग उठले की बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, पास. सवयीने मी ग्लास भरून घेतला सुद्धा. मग त्या करवंदांकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं आणि पाणी पिऊन टाकलं.

केतकीने एक डबी उघडली. तीत रबराच्या आणि फोमच्या बारीक टोप्या, लहान, मध्यम, मोठ्या. "काका, आवाजाचं अर्धं काम या टोपीवर असतं. कानाला बरोबर बसली नाही तर बास गळून जातो. दोन्ही कानांचं माप घेऊ."

शिंप्याने शर्टाचं माप घ्यावं तसं तिने माझ्या कानांचं माप घेतलं. डावा कान मध्यम निघाला आणि उजवा मोठा!

सुनंदा गल्ल्यावरून म्हणाली, "आत्ता कळलं. माझं बोलणं डाव्या कानाने आत जातं ते उजव्याने बाहेर का पडतं. दारच मोठंय तिकडचं."

मग मी दाणे कानात घातले, वायर खाली लोंबती ठेवून. केतकीने मान हलवली. "उलटे घातलेत काका. वायर कानावरून मागे न्यायची." पण कानावर माझं पेन! दुकान उघडल्यापासून ती जागा पेनाची. पेन काढलं तर चष्म्याची काडी आडवी. शेवटी पेन, चष्मा आणि वायर यांच्यात तडजोड झाली, पेनाने जागा सोडली.

"आता फोमची टोपी दाबून आत सारा आणि बोटाने धरून ठेवा, फुगेपर्यंत. आणि एक सांगते, मध्ये काढायचे नाहीत. निदान चार गाणी होऊ देत. कान दुखतो का, टोचतं का, तेव्हाच कळतं. आवाज आणि आराम, दोन्ही सांगायचं मला."

फोम फुगायला लागला आणि काय सांगू! आधी रिक्षांचे हॉर्न गेले. मग शेजारच्या रसवाल्याचा मिक्सर गेला. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी अर्ध्यात तुटली. समोर सुनंदाचे ओठ हलत होते आणि आवाज शून्य. लग्नानंतर पहिल्यांदाच हो!

मी केतकीला म्हटलं, "माझ्या ओळखीचं काहीतरी लावा." इकडचं एक लग्नातलं गाणं आहे, ते मी कॅसेटच्या जमान्यापासून विकतोय. झोपेतसुद्धा म्हणेन. तिने ते फोनवर शोधलं, फोनला लावलेल्या काडेपेटीएवढ्या डबीला वायर जोडली आणि आवाज चांगला वाढवून चालू केलं.

मी मागे वळून बघितलं.

खरंच वळून बघितलं. कारण माझ्या उजव्या खांद्यामागे एक बाई बांगड्या सावरत उभी होती! कुणीच नव्हतं. ती गाण्यातली होती. इतकी वर्षं मी जो 'कोरस' म्हणून विकत होतो, त्यात चार वेगळ्या बायका होत्या. एकीचा आवाज थोडा बसलेला. एक प्रत्येक ओळीआधी घाईने श्वास घ्यायची. ढोलकीवाल्याच्या बोटात अंगठी होती, ती लाकडाला लागायची. गाणं संपता संपता त्यातली एक जण हसते, अगदी हळू. ते हसू मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. कान म्हणावा तर दुखत नाही, टोचत नाही. कानात काही आहे हेच विसरायला होतं.

'वा' अगदी दातापर्यंत आला होता. पण व्यापारी आहे मी! दातांनी तो धरून ठेवला आणि केतकीकडे बघून तोंड वाकडं केलं. "हं, ठीक आहे. बास कमी वाटतो."

तेवढ्यात सुनंदाने चहा आणून ठेवला. दुसरं गाणं सुरू झालं होतं. आता तिला खूण करायला हवी होती. मी चहा बशीत ओतला, बशी तोंडाशी नेली, फुंकर मारली आणि नेहमीसारखं हळूच म्हटलं, "सुनंदा, माल सोनं आहे सोनं. सोडायचा नाही. पण तू ताण."

आता इथे तुम्हाला एक शास्त्र सांगितलं पाहिजे. कान बुजलेले, त्यात ढोलकी वाजतेय. अशा वेळी माणसाला स्वतःची कुजबुज ऐकू येत नाही. मग तो काय करतो? ती ऐकू येईपर्यंत आवाज चढवतो. हे शास्त्र मला आज माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं!

मी जे कुजबुजलो, ते रसवाल्याने मिक्सर चालू असताना ऐकलं.

सुनंदाचे डोळे मोठे झाले. मी मनात म्हटलं, काय ॲक्टिंग करते ही! तिने ओठांवर बोट ठेवलं. मी समजलो, 'तुम्ही गप्प बसा, भाव पडतोय.' मी मान डोलावली. तिने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, वा, किंमत ऐकून बाई हादरली, असं दाखवतेय!

केतकीने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. माझं काळीज हललं हो! पोरगी रडकुंडीला आली वाटतं. परत बशी.

"अगं, रडायला लागली ती! आता फार नको ताणू. विकेल तसे पैसे म्हणून बघ, नाहीच ऐकलं तर रोखीने घेऊ सगळा. आपल्याला जमतंय तेवढं. फक्त तिला कळू देऊ नकोस!"

केतकीने सॅकमधून रुमाल काढून डोळे पुसले. मला खूप वाईट वाटलं. मनात ठरवलं, व्यवहार झाला की पोरीला वडापाव खिलवायचा.

दुकानासमोर माणसं थांबायला लागली होती. रसवाला हातात ग्लास घेऊन आला. दोन बाया भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून उभ्या. पलीकडचा इस्त्रीवाला तर इस्त्री बंद करून आला. मला काय वाटलं असेल? काउंटर अजून झालं नाही तोच गर्दी! बशीतून मी सुनंदाला ते सांगितलंसुद्धा. "बघ, बघ, गिऱ्हाइकं कशी ओढली जातायत! आणि केतकीला सांग, स्टेशनजवळच्याकडे एसी असेल, माणसं नाहीत!"

गर्दीत किसनदादा दिसले. पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, जिना उतरून आलेले. दादा माणूस देव. पण रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचं भजनी मंडळ बसतं. आणि भजन... काय सांगू. देवाला कान आहेत, म्हणून तो वर राहतो, एवढंच म्हणतो.

मी दादांना हसून नमस्कार केला. आणि बशी तोंडाशी नेली.

अहो, नेऊ नये ना! पण सवय!

"सुनंदा, दादांना चहा दे, पण बसवू नकोस. बसले की भजन सुरू करतील. आणि ऐक, या मशीनचा खरा फायदा मला आत्ता कळला. संध्याकाळी हे कानात घालून बसायचं. वरती दादा टाळ वाजवतायत की पातेली घासतायत, काही म्हणता काही..."

एक हात आला आणि माझ्या मोठ्या, उजव्या कानातला दाणा अलगद उपटला.

धरण फुटावं तसं जग आत घुसलं. मिक्सर, हॉर्न, कुकर. आणि या सगळ्याच्या वर, भोंग्यासारखा, एक माणूस ओरडत होता, "...ऐकू येणार नाही!"

तो माणूस मी होतो.

हात दादांचा होता. 

"बोल शेट, बोल," दादा म्हणाले. "थांबलास कनाला? आमी समदी आयकतो हाय. वरती माजी आय पन खिडकीन बसून आयकते."

"दादा, ते... ते मी मायक्रोफोन टेस्ट करत होतो."

"याला मायक्रोफोन नाहीये काका," केतकी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती रडत नव्हती. ती मघापासून रडली नव्हतीच!

मी सुनंदाकडे बघितलं. ती म्हणाली, "किती खुणा केल्या हो! शेवटी मला वाटलं, लाइट घालवते."

आता माझी अवस्था बघा. केतकीला कळलं, माल मला हवाय. रोखीनेही घेईन हे कळलं. आपण मुद्दाम ताणत होतो हेही कळलं. आणि घरमालक समोर उभा. हातातली बशी कुठे ठेवू, सुचेना. तीत चहा तसाच होता. मी तो एका घोटात संपवला. पार गार झाला होता, तरी भाजला.

दादांनी तो दाणा बोटात फिरवून बघितला. "यवरं काय हाय यात? मना दे बगू."

केतकी हुशार पोरगी. तिने लगेच नव्या टोप्या काढल्या, दादांच्या कानाचं माप घेतलं, दादांना माझ्या खुर्चीत बसवलं. "काय लावू दादा?"

"माज्या फोनमदी आमचा भजन हाय. कालचाच. ता लाव. आयकू दे, पातेली वाजतान का टाल वाजतान."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दुकानाच्या शटरला शेवटचा नमस्कार करून घेतला.

भजन सुरू झालं असावं. दादांनी डोळे मिटले. मान डुलायला लागली. मग मान थांबली. कपाळाला आठी पडली. मग तोंड उघडं पडलं. आणि दादा, देवाशपथ सांगतो, माझ्याहून मोठ्याने ओरडले.

"आयला! तालाला मीच चुकतंय! आनि शिव्या त्या ढोलकीवाल्याला घालतंय!"

गल्ली हसून फुटली! त्या दोन बाया आपल्या पिशव्यांवरच बसल्या. रसवाल्याचा रस सांडला. वरच्या खिडकीतून दादांच्या आईचा आवाज आला, "मी कवापासून सांगतंय त्याला!" दादांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते डोळे मिटून पुढचं ओरडत होते, "आनि यो पेटीवाला बराय रं! याला कदी आयकलाच नवता!"

दाणे काढल्यावर त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. आमच्याकडे बघून त्यांना कळलं काय झालं ते. मग जे हसले, की डोळ्यातून पाणी! माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. तो अजून दुखतो, पण दुकान राहिलं.

केतकी पेटी बंद करत म्हणाली, "काका, काउंटर तुमचंच."

मी थक्क. "आता? एवढं सगळं झाल्यावर?"

"बाहेरचा आवाज किती बंद होतो, हे मी लोकांना घसा फोडून सांगते. कुणाला पटत नाही. आज आख्ख्या गल्लीला पटलं. त्या एसीच्या दुकानातल्या साहेबांनी अर्धा तास ऐकलं आणि म्हणाले, 'साउंड इज ओके.' तुम्ही म्हणालात, सोनं आहे सोनं."

माझी छाती फुगली. व्यापारी परत जागा झाला. मी घसा खाकरला. "मग मॅडम, माल ठेवून जा. विकेल तसे..."

केतकीने टेबलावरची माझी रिकामी बशी उचलली, तोंडाशी नेली आणि फुंकर मारून, अगदी खऱ्या कुजबुजीच्या आवाजात म्हणाली, "रोखीने."

दिले हो! काय करणार?

काउंटर झकास चाललंय. आता लोक लांबून येतात, कामोठ्याहूनसुद्धा. निम्मे आवाज ऐकायला येतात. निम्मे मात्र कुणाला तरी सोबत आणतात, त्याला खुर्चीत बसवतात, आवाज वाढवायला सांगतात आणि समोर उभे राहून खुणेने प्रश्न विचारतात! परवा एक जावई सासऱ्यांना घेऊन आला होता. सासरे गाण्यात रंगले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पोरगा बरा आहे, पण याच्या आईपुढे बोलायची चोरी!" जावयाने लगेच इअरफोन घेतले. आईच्या कानात घालायला!

आणि घरी? पूर्वी मी काही लपवलंय असं वाटलं की सुनंदा तासभर उलटतपासणी घ्यायची आणि मी दाद द्यायचो नाही. आता ती काही विचारत नाही. जेवण झालं की प्रेमाने म्हणते, "अहो, दमला असाल. ऐका जरा एखादं गाणं." आणि मखमलीची पेटी माझ्यापुढे सरकवते.

मला सगळं कळतं हो. पण आवाज इतका सुंदर आहे की मी घालतो!